बाईंचा तास

अव्वा,

परवा एक मुलगी माझ्या कचेरीत आली आणि तुझा इतिहास मागू लागली. मी आता धाराशिवला कोर्टात लघुलेखक आहे. तुला हे कुठून माहीत असणार, तू गेलीस तेव्हा मला पाटीवर धड 'ग' काढता येत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत ती आली. खांद्याला पिशवी, बोलणं भरभर. म्हणाली, "ताई, मी जळकोटचीच. विद्यापीठात शिकते. आपल्या गावच्या केबलवर बारक्या पोरांसाठी जो तास लागायचा, त्यावर लिहायचंय मला. कधी सुरू झाला, काय काय दाखवायचे, बंद का पडला, सगळं पाहिजे." मला हसू आलं. आपल्याकडे इतिहास म्हटलं की लोक नळदुर्गच्या किल्ल्याकडे बोट दाखवतात. तुझा कुणी काढायला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी तिला सांगितलं. कोर्टात साक्षीदार सांगतात तसंच सांगितलं, विचारलं तेवढंच आणि तेही बेताचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, आधी लग्नांचं शूटिंग करायचे, मग त्यांनी डिशची छत्री बसवली, घरोघर वायर ओढली आणि गावाला केबल दिली. बायको बालवाडीत बाई होती. तिच्या डोक्यात आलं म्हणून तास सुरू झाला. मुलगी लिहून घेत होती आणि मला आत कुठेतरी चिडायला होत होतं, कारण तिच्या वहीत उतरत होतं ते सगळं खरं होतं आणि त्यात तू, माझी आई, कुठेच नव्हतीस. म्हणून आज रविवारी सकाळी दार लावून तुलाच लिहायला बसले आहे.

सुरुवात स्वयंपाकघरात झाली, हे मी तिला सांगितलं नाही. तू चुलीपुढे बसली आहेस, अप्पा भिंतीला टेकून चहा बशीत ओतत आहेत. त्या दिवसांत सुगी चालू होती. बायका पोरांना घरात कोंडून, टीव्ही लावून रानात जायच्या आणि बालवाडी ओस पडायची. जी यायची त्यातली निम्मी घरी कन्नड बोलणारी, त्यांना मराठी कळायचं नाही म्हणून दिवसभर तोंड मिटून बसायची. तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "अहो, तुमच्या त्या केबलीवर सकाळी काय लावता?" अप्पा म्हणाले, "कालचा पिच्चर. परत." "मग त्यातला एक तास मला द्या." अप्पांनी बशी खाली ठेवली. "तास म्हंजे काय भाकरी हाय व्हय, मोडून द्यायला?" तू ताटातली भाकरी मोडलीस आणि अर्धी त्यांच्यापुढे ठेवलीस. तुझं भांडण असंच असायचं.

मग कंट्रोल रूमच्या मागच्या खोलीत अप्पांनी लग्नातला निळा पडदा लावला आणि तुला पाटावर बसवलं. समोर तांब्या, सूप आणि परडी. तू आधी हात धुऊन दाखवायचीस. मग परडीतून एकेक वस्तू काढायचीस आणि तिचं नाव दोनदा घ्यायचीस, आधी कन्नड, मग मराठी. बदनेकाई, वांगं. नीरु, पाणी. जोळ, ज्वारी. घाई कसली ती नव्हती. तुझी दोनच बरी लुगडी होती, तीच आलटून पालटून नेसायचीस. लग्नसराई नसली की अप्पा तुझे चार-पाच तास एका बैठकीत कॅसेटवर घ्यायचे आणि रोज सकाळी एक लावायचे. खाली खताच्या दुकानाची जाहिरात पट्टीवर सरकत असायची, नेमकी तुझ्या गळ्याखालून. कार्यक्रमाला अप्पांनी एक भारदस्त नाव दिलं होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. गाव त्याला बाईंचा तास म्हणायचं.

तुझी एक रीत होती. प्रश्न विचारलास की तू थांबायचीस. मूल विचार करील, तोंडातला घास गिळील आणि मग बोलेल, इतका वेळ थांबायचीस. पडद्यावर एवढी शांतता आपल्या लोकांनी कधी पाहिली नव्हती. पहिल्या आठवड्यात तू गप्प झालीस की गावाला वाटायचं, केबल अडकली. गडी माळवदावर चढून वायरी हलवायचे. एकानं तर तार तोडून पुन्हा जोडली आणि आख्खी गल्ली दिवसभर पडद्यावरच्या मुंग्या बघत बसली. कंट्रोल रूमचा फोन वाजायचा थांबेना. अप्पा घरी आले ते तापलेलेच. "अगं, तू गप बसलीस की सगळं गाव माळवदावर चढतंय. ती रिकामी जागा काढून टाकतो म्या." तू म्हणालीस, "ती रिकामी न्हाय. ती पोरांची हाय." पण अप्पांचंही चुकत नव्हतं, म्हणून दुसऱ्या खेपेपासून तू सूप मांडीवर घ्यायला लागलीस. प्रश्न विचारायचा, मग समोर बघत ज्वारीतले खडे निवडत बसायचं. हात हलताना दिसले की लोकांना कळायचं, केबल चालू आहे, बाई थांबल्या आहेत. आणि निवडलेली ज्वारी संध्याकाळी गिरणीत जायची. तू काही वाया घालवणारी नव्हतीस.

मला मात्र तो तास आवडायचा नाही. आज सांगते. एकदा शूटिंग चालू असताना मी पडद्यामागून धावत आले आणि "अव्वा" म्हणून तुझ्या गळ्यात पडले. तू मला ओढून जवळ घेशील असं मला वाटलं होतं. तू माझे हात सोडवलेस. "हितं मी तुझी अव्वा न्हाय. बाई हाय. जा, म्होरं जाऊन बस सगळ्यांसारखी." समोर कुणीच नव्हतं, नुसते अप्पा आणि कॅमेरा. मी अप्पांच्या पायाशी जाऊन बसले आणि उरलेला सगळा वेळ तुझ्याकडे बघितलं नाही. अप्पांनी ते पुसलं नाही, कॅसेट महाग होती. नंतरच्या आठवडी बाजारात तू माझ्यासाठी एक छोटी स्टीलची ताटली आणलीस, तिच्यावर माझं नाव टाकून आणलंस. "बाई सगळ्यांच्या. ही तुझी." एवढंच. मी दोन दिवस रुसले आणि मग त्या ताटलीशिवाय जेवेनाशी झाले.

त्या ताटलीत मी सकाळी दूध-भाकरी घेऊन टीव्हीपुढे बसायचे. तू टीव्हीत असायचीस आणि तूच मागे स्वयंपाकघरातही असायचीस, कारण बालवाडीला जायच्या आधी तुला भाकऱ्या उरकायच्या असायच्या. मला याचं कधी नवल वाटलं नाही. ज्यांच्या आया टीव्हीत येत नाहीत त्यांचंच मला नवल वाटायचं. तासाच्या शेवटी तू सूप हातात घ्यायचीस आणि विचारायचीस, "ऊट आयता? जेवण झालं का?" मग हात ज्वारीत. गावभर पोरं ओरडायची, "आयतु." झालं. मग तू मान हलवायचीस, "शाब्बास. आता ताटली उचला, मोरीत ठेवा." मी लबाड होते. भाकरी तशीच असायची आणि मी म्हणायचे, "आयतु." टीव्हीतली बाई म्हणायची शाब्बास, आणि मागून तुझा आवाज यायचा, "कसलं शाब्बास? भाकर तशीच हाय की. खा गुमान." मला ते फार आवडायचं. बाई सगळ्यांना फसायची, अव्वा फसायची नाही.

मग तुला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग तुळजापूरचे डॉक्टर, मग सोलापूर. मला कुणी काही सांगितलं नाही. तुला आणलं तेव्हा अंगणात माणसं होती आणि तुला बसवलं होतं, आपल्यात माती द्यायच्या आधी बसवतात तसं. कपाळाला भस्म होतं. तू बसली आहेस म्हणून मला वाटलं तू बरी होऊन आलीस. मी जवळ जायला लागले तर आत्यानं मला उचलून मागे नेलं. त्यानंतरचे दिवस मला एकमेकांत मिसळलेले आठवतात. घरातला टीव्ही बंद होता. ज्या घरी माती झाली त्या घरात टीव्ही लावत नाहीत, ही गावाची रीत. अप्पांनी गावाची केबल चालू ठेवली होती, पण सकाळचा तो एक तास कोराच जात होता. त्यात ते काहीच लावत नव्हते, जुना पिच्चरसुद्धा नाही.

शेजारची काकू आली ती दारातच उभी राहिली. अप्पा खाली मान घालून बसले होते. ती म्हणाली, "अण्णा, बोलू का नको कळंना. पर पोरं सकाळी टीव्हीम्होरं ताट घिऊन बसत्यात. घास घालीनात तोंडात. बाई कवा येणार म्हणत्यात. काय सांगू त्यास्नी?" अप्पांनी वर बघितलं नाही. ती निघून गेली. तिच्यानंतर आणखी दोघी आल्या. मग आपल्या मठाचे स्वामी आले, अप्पांच्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "आपल्यात सुतक न्हाय. ती माउली शिकवत होती, वाईट काय करीत होती?" अप्पा उठले, पायांत चपला घातल्या आणि कंट्रोल रूमकडे गेले. आत्या पाठीमागून म्हणाली, "दादा, पोरगी बघंल की रं." अप्पा म्हणाले, "बघू दे. तिचीच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं मला माझ्या ताटलीत दूध-भाकरी दिली आणि टीव्ही लावला. तू आलीस. निळा पडदा, परडी, हिरवं लुगडं. मला हायसं वाटलं, इतकंच आठवतं. हात धुतलेस, बदनेकाई म्हणालीस, वांगं म्हणालीस. शेवटी सूप घेतलंस आणि विचारलंस, "ऊट आयता?" माझ्या घशाखाली किती तरी दिवस काही नीट उतरत नव्हतं. भाकरी दुधात भिजून लगदा झाली होती. त्या दिवशी मी लबाडी केली नाही. तुला खरं कळावं असं मला वाटलं. तू ज्वारी निवडत थांबली होतीस आणि मी म्हणाले, "इल्ला, अव्वा." नाही. तू मान हलवलीस. "शाब्बास. आता ताटली उचला, मोरीत ठेवा."

मी मागे वळून बघितलं. स्वयंपाकघरात आत्या होती. तिचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता. ती माझ्याकडे पाठ करून तशीच बसली होती. मी वाट बघितली. तू मला शिकवलं होतंस तेवढा वेळ थांबले, त्याहून जास्त थांबले. मागून कुणी म्हणालं नाही, कसलं शाब्बास. तेव्हा मला कळलं की तू मेलीस. अंगणात कळलं नव्हतं, माती देताना कळलं नव्हतं. ते त्या शाब्बासनं कळलं. मी ताटली उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली.

अप्पांनी नंतर कितीतरी वर्षं तुला रोज सकाळी लावलं. मी शाळेत गेले, मोठी झाले, पहिल्या पोरांची लग्नं झाली, त्यांची पोरं टीव्हीपुढे बसायला लागली आणि बाई त्याच, त्याच दोन लुगड्यांत. कॅसेट झिजायची म्हणून अप्पा एकीवरून दुसरीवर उतरवायचे आणि दर खेपेला तुझा चेहरा थोडा फिका व्हायचा. हिरवं लुगडं राखाडी झालं. नवी लग्न होऊन आलेली एखादी पोराला कडेवर घेऊन घरी यायची, "बाईंना दाखवायला आणलंय." अप्पा तिला पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "बाई सकाळीच येत्यात." मला आधी राग यायचा. वाटायचं, आपलं माणूस एकदाच जाऊ द्यावं, रोज सकाळी पुन्हा कशाला. पण अप्पा तो तास कंट्रोल रूममध्ये एकटेच बघायचे, दार लोटून घ्यायचे आणि संपल्यावर तोंड धुऊन बाहेर यायचे. तो तास बंद करा असं मी त्यांना कधी म्हणू शकले नाही. मग घरोघर ते सेट-टॉप बॉक्सचे डबे सक्तीचे झाले, सगळं मोठ्या शहरांतून यायला लागलं आणि गावच्या केबलला जागा उरली नाही. अप्पांनी वायरी गुंडाळून ठेवल्या. तुझा तास संपला त्याची गावात कुठे बातमी झाली नाही. अप्पा गेले तेव्हा चालण्याजोगी एकच कॅसेट राहिली होती. ती मी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून धाराशिवला आणली आणि पुन्हा कधी लावली नाही.

त्या मुलीला ती कॅसेट हवी होती. म्हणाली, "अशीच ठेवली तर बुरशी लागून जाईल. इथं एक जण जुन्या लग्नाच्या कॅसेटी उतरवून देतो. पण एकदाच चालेल बहुतेक, फीत पार जुनी झाली असणार." आणि मग अगदी सहज म्हणाली, "मधल्या रिकाम्या जागा मी काढून टाकीन. आताची पोरं एवढी थांबत नाहीत. त्या नुसत्या अडकल्यासारख्या वाटतात." मी नाही म्हणाले आणि कामाला लागले. त्या दुपारी एका साक्षीदाराला काही विचारलं, तो बराच वेळ गप्प उभा राहिला, आणि मी लिहिलं, साक्षीदार निरुत्तर. आम्हाला एवढंच लिहिता येतं. तो काय काय बोलायचा थांबला होता ते कागदावर येत नाही. घरी येऊन मी अभ्रा सोडला. फितीच्या कडेला पांढरी पूड धरली होती. कॅसेट दिली तर ती पोरगी तुझं थांबणं कापणार होती, नाही दिली तर तू आख्खीच जाणार होतीस. माझी आणि तुझी जी काही भेट उरली आहे ती त्या थांबण्यातच आहे, हे मी कुणाला कसं सांगणार होते?

काल शनिवारी मी तिला घेऊन त्या दुकानात गेले. निघताना तिला बजावलं, "एक अक्षर कापायचं नाही. गप्प बसलेलंसुद्धा नाही." ती मान हलवत होती, पण तिला पटलं नव्हतं, मला दिसत होतं. दुकानदारानं फीत पुसून मशिनीत घातली. आधी मुंग्या, मग निळा पडदा, आणि तू. मी आता तुझ्यापेक्षा मोठी आहे, अव्वा. तू कोवळी पोर दिसत होतीस. मध्येच पडद्यामागून एक फ्रॉकवाली धावत आली आणि तुझ्या गळ्यात पडली. "ही कोण?" मुलीनं विचारलं. मी म्हणाले, "होती एक." तू तिचे हात सोडवलेस. पण हे मला तेव्हा दिसलं नव्हतं, मी अप्पांच्या पायाशी मान खाली घालून बसले होते. सोडवल्यावर तू तिच्याकडे बघत राहिलीस. ती कॅमेऱ्याच्या मागे गेली तरी तुझी नजर तिथेच खाली होती, आणि पुढचा प्रश्न विचारायला तुला वेळ लागला. अप्पांनी हे रोज बघितलं असणार.

शेवटी तू सूप घेतलंस. दुकानदाराचा हात बटणावर होता. तू विचारलंस, "ऊट आयता? जेवण झालं का?" आणि हात ज्वारीत घातलेस. माझ्या शेजारून आवाज आला, "आयतु." ती मुलगी बोलली होती. बोलली आणि दचकून माझ्याकडे बघायला लागली. डोळे भरले होते तिचे. "ताई, मी रोज बोलायची. माझी आई रानात जायची. मी एकटीच असायची घरात." मग म्हणाली, "बाई आधीच नव्हत्या, हे मला चौथीत कळलं." तू अजून ज्वारी निवडत होतीस. कुणाची तरी जागा अजून शिल्लक होती. मी म्हणाले, "इल्ला, अव्वा." तू मान हलवलीस आणि म्हणालीस, शाब्बास. या वेळी मी मागे वळून बघितलं नाही. दिलीस ती घेतली.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "काही कापत नाही, ताई." मी म्हणाले, बरं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला लिहायला बसतानाच माहीत होतं. घडी घालून अभ्र्यात ठेवीन, कॅसेटशेजारी. एकच सांगायचं राहिलं. सकाळी बसले ती आता उन्हं कलली, दोनदा फोन आला, मुलानं बाहेरून विचारलं, "मम्मी, जेवलीस का?" आणि मी त्याला हो म्हणून सांगितलं. नाही जेवले. ताटली ओट्यावर तशीच झाकून ठेवली आहे, नाव पुसट झालंय तिच्यावरचं. मागून आवाज यायची वाट बघत होते बहुतेक. आता उठते.